उजव्या कुशीला फिरणारं घर

राजापेठेतल्या त्या घरात राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका सकाळी शेषराव तायडे बाजेवर डाव्या कुशीवरून उजव्या कुशीला वळले आणि घर फिरलं.

फिरलं म्हणजे काय, हे शेषरावांनी पुढे ज्याला त्याला समजावून सांगितलं आणि ज्याने त्याने ते आपापल्या परीने चुकीचं समजून घेतलं. म्हणून इथे नीट सांगितलेलं बरं. डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, की पोटात ढवळलं नाही. ते स्वस्थ पडून होते, बाज जागेवर होती, आणि छपराच्या सागाच्या बल्ल्या मात्र एकीमागून एक डोक्यावरून निघाल्या. बल्ल्यांमागून खुंटीवरची छत्री आली, छत्रीमागून कोनाडा, कोनाड्यातला कंदील, मग दार, आणि मग पुन्हा बल्ल्या. कशाचाही आवाज होत नव्हता. एवढं घर गरगर फिरतं आणि एक भांडं वाजत नाही, याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली. त्यांनी बाजेची कड घट्ट धरून ठेवली. घर हळूहळू मंदावलं, थबकलं, आणि आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने उभं राहिलं.

शेषराव मोजणी खात्यात मोजणीदार होते. जमीन जागची हलत नाही, या एका गोष्टीवर त्यांचं पोट चालत होतं. त्यामुळे पहिला विचार त्यांनी भूकंपाचा केला. बाहेर येऊन पाहिलं तर शेजारचे भगवंतराव, रेल्वेतले निवृत्त गार्ड, ओट्यावर बसून नव्या चष्म्यातून वर्तमानपत्र वाचत होते. शेषरावांनी आडून आडून विचारलं की सकाळी काही वेगळं जाणवलं का. भगवंतरावांनी पोट साफ न झाल्याची हकिकत तपशिलाने सांगितली. भूकंप झाला नव्हता.

सरळ विचारण्याची सोय नव्हती. हे घर मिळवण्यासाठी शेषरावांनी निम्मी अमरावती पालथी घातली होती. सरकारी नोकरी, निर्व्यसनी माणूस, हे ऐकून घरमालकांचे चेहरे खुलत; मग आडनावावरून गाव, गावावरून वस्ती, असा प्रश्न फिरत फिरत यायचा आणि खोली नेमकी कालच दुसऱ्या कोणाला दिलेली निघायची. पार्वताबाई कोरडे ही शेतकरी घरातली विधवा बाई एकटीच अशी भेटली की तिने फक्त एवढंच विचारलं, पाणी वाया घालवत नाही ना. पुढचा अर्धा भाग तिने स्वतःला ठेवला आणि मागचा यांना दिला. अशा बाईला जाऊन तुमचं घर फिरतं म्हणणं बरं दिसलं नसतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर शेषरावांनी आपल्या गावी, वलगावच्या वस्तीत, सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की भूत, भानामती, अंगात येणं, सगळं खोटं. नुसतं सांगितलं नव्हतं, तर स्वतःच्या वडिलांच्या दंडावरचा ताईत स्वतःच्या हाताने कापला होता. जे मोजता येतं तेच खरं, असं ते म्हणत. तेव्हा आता घर मोजणं आलं.

पुढच्या रविवारी भर दुपारी त्यांनी मधल्या बल्लीला ओळंबा टांगला. चैत्र संपत आला होता. वऱ्हाडातल्या त्या वेळच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळी दारं लावलेली असतात, आणि उन्हालाच एक बारीक आवाज येत असतो. शेषरावांनी ओळंब्याच्या टोकाखाली जमिनीवर खडूने खूण केली आणि समोर मांडी घालून बसले. घर फिरलं तर टोक खुणेवरून सरकणार, इतका साधा हिशेब होता. टोक सरकेना. सरकारी माणूस समोर बसला की कोणतीही वस्तू सरळच वागते, हा त्यांचा खात्यातला अनुभव होता. शेवटी वरची गाठ पाहावी म्हणून त्यांनी मान मागे टाकली.

गाठ निघाली. बल्ली निघाली. त्यांनी घाईने खाली पाहिलं, तर दोरी, ओळंबा, जमीन, भिंती सगळंच निघालं होतं. पण ओळंब्याचं टोक खडूच्या खुणेवरच होतं. खूण टोकाला सोडत नव्हती, टोक खुणेला सोडत नव्हतं, आणि दोघं मिळून उजवीकडे चालली होती. मोजणीप्रमाणे घर जागेवर होतं आणि डोळ्यांप्रमाणे ते निघून जात होतं. शेषरावांनी जवळचा खांब मिठीत घेतला आणि तसेच खाली बसले.

इंदूबाई सैपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा नवरा खांबाला बिलगून बसलेला आणि समोर ओळंबा स्थिर लटकलेला, असा देखावा होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. शेषरावांनी सगळं सांगितलं. इंदूबाईंनी त्या दोरीकडे पाहिलं. मग पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, फक्त मलेच दिसते."

शेषरावांनी खांब सोडला आणि तिला काय दिसतं ते विचारलं.

चुलीपाशी बसून उठलं की भिंती जवळ येतात, म्हणाल्या. मग काळं होतं. मग दार लांब जातं, आणि पाय कुठे टेकवावा ते कळत नाही. केव्हापासून, तर इथे आल्यापासूनच. सांगितलं का नाही, असं शेषरावांनी विचारलं.

"घर एवढ्या मुश्किलीनं भेटलं," इंदूबाई म्हणाल्या. "म्हटलं, फिरते तं फिरू दे."

एका माणसाला दिसतो तो भास. दोघांना दिसतं ती वस्तुस्थिती. शेषरावांचा आपल्या शंकेवरचा विश्वास वाढला आणि घरावरचा उडाला.

त्याच आठवड्यात वलगावहून वडील आले. पुंजाजींना मुलाच्या घरी आवडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नळ. आल्या आल्या ते नळाखाली मनसोक्त डोकं धरून बसले, जेवले, भिंतीशी आडवे झाले, आणि थोड्या वेळाने उठून भिंतीकडे टक लावून पाहू लागले. भिंत गुणगुणते, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेषरावांनी भिंतीला कान लावला. भिंत गप्प होती. पुंजाजी म्हणाले की मडक्यात भुंगे कोंडावेत तसा आवाज आतून येतो आहे, आणि उठून दाराकडे निघाले ते सरळ न जाता डावीकडे झुकत झुकत माठावर गेले. वलगावात असं होत नव्हतं. ते या घरातच होत होतं. ताईत कापल्याबद्दल त्यांनी मुलाला एका शब्दाने काही म्हटलं नाही. फक्त मोकळ्या दंडावरून हात फिरवत बसले, आणि ते शब्दांपेक्षा वाईट होतं.

पार्वताबाईंच्या आणि यांच्या मधली भिंत गुणगुणत असो वा नसो, बोलणं मात्र पलीकडे नीट पोचवत होती. बाई आल्या. चैत्रातले उपास चालले होते, चेहरा उतरलेला होता. काय दिसतं ते त्यांनी तिघांकडून ऐकून घेतलं, ऐकता ऐकता त्यांचा श्वास भराभर चालू लागला, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, आणि ज्या घराची घरपट्टी त्या स्वतः भरत होत्या ते घर त्यांच्याखालून सरकलं. आता खुद्द मालकिणीचीच साक्ष मिळाली.

गडबड ऐकून भगवंतराव आले. ते आत येत होते सल्ला द्यायला, पण उंबऱ्याची पायरी उतरताना त्यांचा पाय हवेतच राहिला, आणि भिंत धरून कसेबसे ते आत आले. पायरी वर आली होती, असं त्यांनी सांगितलं. पाय पोचायच्या आत जमीन वर आली होती.

मग ते खाली बसले आणि गार्डच्या डब्यात वर्षानुवर्षं एकट्याने बसलेल्या माणसाच्या आवाजात त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली. इथे पूर्वी मळा होता म्हणे, आणि बरोबर या खोलीखाली विहीर. विहिरीवर रहाट. रहाटाला एकच बैल, डोळ्यांवर झापडं बांधलेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोल फिरणारा. पुढे विहीर आटली. मालकाने रहाट काढला, पण बैल रोज त्या वेळेला यायचा आणि रिकामाच फिरायचा. तो मेल्यावर विहीर बुजवली.

"बैल गेला," भगवंतराव म्हणाले, "फिरणं राहिलं."

बाहेर ऊन बारीक आवाजात वाजत होतं. पार्वताबाईंनी या विहिरीचं नावही कधी ऐकलं नव्हतं. पण आपल्या घराची माहिती शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त असणं बरं नव्हे, म्हणून त्या म्हणाल्या की सासरे त्या बैलाविषयी सांगत असत. अशा रीतीने विहीर पक्की झाली. दोन दिवसांत राजापेठेतली माणसं त्या घरासमोरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरू लागली, आणि दूधवाला दूध आत न आणता फाटकापाशी ठेवून निघून जाऊ लागला.

घरापुरतं होतं तोवर एक वेळ चाललं असतं. पण वलगावच्या शिवारात दोन भावांच्या धुऱ्याची, म्हणजे शेतांमधल्या बांधाची, मोजणी निघाली. शेषराव हद्दीच्या दगडावरची खूण पाहायला वाकले, उठताना निशाणाची काठी दिसते का म्हणून मान वर केली, आणि सगळं शिवार निघालं. बांधावरचं निंबाचं झाड समोरून गेलं, फिरून आलं, पुन्हा गेलं. शेषराव नांगराच्या तासात बसले आणि त्यांनी हद्दीच्या दगडाला मिठी मारली. उघड्या रानात, काळ्या भुईवर, डोक्यावर छप्पर नसताना हे झालं होतं. पण त्या वेळी त्यांच्या मनात एवढंच आलं की बैल इथवर आला.

मोजणी ज्याच्या विरुद्ध चालली होती त्या भावाने संध्याकाळच्या आत अर्ज केला की मोजणीदार पिऊन आले होते.

ज्या माणसाने दारूला शिवणार नाही अशी शपथ हजारो लोकांबरोबर उभं राहून घेतली, त्याच्यावर हा आरोप. शेषरावांना जेवण गेलं नाही. कचेरीत निरीक्षक साहेब पुण्याकडचे होते. वऱ्हाडी बोलणं त्यांना भांडणासारखं वाटत असे, त्यामुळे ते सगळ्यांचं म्हणणं दोनदा विचारून घेत. त्यांनी कारण विचारलं. शेषरावांनी खरं तेच सांगितलं. साहेबांनी दोनदा विचारून घेतलं. "तायडे, घर फिरतं, असं मी वर कसं कळवू?" असं म्हणून त्यांनी डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं. राजापेठेतल्या एका डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, लाल औषधाची बाटली दिली आणि लिहिलं की तपासणीच्या वेळी कोणताही आजार आढळला नाही. आजार नाही, तर दारूच, असा या दाखल्याचा अर्थ हेडक्लार्कने सगळ्यांना समजावून सांगितला. साहेबांनी चौकशीची तारीख लावली.

त्याच संध्याकाळी पार्वताबाईंनी निर्णय ऐकवला. अचलपूरला एक भगत होता. तो अमावस्येला येणार, मधल्या खोलीत बसणार आणि बैल सोडवणार. शेषरावांना चालत नसेल तर घर खाली करावं. पुंजाजी बाईंच्या बाजूचे होते. भगवंतराव दोन्ही बाजूंचे होते. इंदूबाई चुलीपाशी होत्या.

खरं सांगायचं तर शेषरावांनाही त्या घराचं भय वाटू लागलं होतं. उजवी कूस त्यांनी सोडूनच दिली होती. रात्रभर उजव्या अंगाला उशा लावून ते मुडद्यासारखे पडून राहत. भगत आला असता, त्याने लिंबं कापली असती, कदाचित घर थांबलंही असतं. पण मग वलगावच्या वस्तीत पुन्हा उभं राहायला तोंड उरलं नसतं.

"बाई," ते म्हणाले, "भगत आला तं मी घर सोडीन. पण आधी मले मोजू द्या."

मोजायचं काय, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. एक गोष्ट मात्र हाताशी होती: गुणगुण ऐकू येते ती कानाला, आणि अकोल्याला मुंबईहून शिकून आलेले कानाचे डॉक्टर बसतात, हे भगवंतरावांना रेल्वेच्या कृपेने ठाऊक होतं. निदान बाबांचा कान तरी दाखवू, असं ठरलं. कान पुंजाजींचा, पण गाडीत चढले पाच जण. भगवंतराव आले, कारण त्यांच्याशिवाय गाडी सुटली नसती असं त्यांना वाटे. पार्वताबाई आल्या, कारण भगताची बाजू मांडायला कोणीतरी हवं होतं.

बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत पॅसेंजरमध्ये कोणालाही काही झालं नाही. गाडी हलत होती, झाडं पळत होती, पण ज्याने हलावं तेच हलत होतं. मूर्तिजापूर गेलं तेव्हा पार्वताबाईंनी सगळ्यांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. घर सोडलं की सगळे बरे. आता डॉक्टरकडे जाण्यात फारसं हशील नव्हतं.

दवाखान्यात गर्दी होती. शेषराव प्रवासाने थकले होते; ओसरीतल्या रिकाम्या बाकावर ते जरा आडवे झाले. घर इतकं दूर राहिलं होतं की सवय विसरून ते उजव्या कुशीला वळले.

अनोळखी छप्पर निघालं. अनोळखी भिंत, भिंतीवरची अनोळखी पाटी, खिडकी, आणि मग पुन्हा छप्पर. त्याच दिशेने, त्याच गतीने, तसंच बिनआवाजी. शेषराव बाकाची कड धरून पडून राहिले. घर राजापेठेत होतं, कुलूप लावलेलं, किल्ली पार्वताबाईंच्या कमरेला. फिरणं मात्र त्यांच्याबरोबर गाडीत बसून आलं होतं. बिन तिकिटाचं, असंही त्यांच्या मनात आलं, आणि अशा वेळी आपल्याला विनोद सुचावा याची त्यांना आणखीच भीती वाटली.

डॉक्टर सूर्यभान काळमेघ हे आडव्या अंगाचे, थोडक्यात बोलणारे गृहस्थ होते. मुंबईला शिकले तरी भाषा अकोल्याचीच ठेवली होती. पाचही जणांना त्यांनी एकदमच आत घेतलं. विहिरीची गोष्ट भगवंतरावांकडून पूर्ण ऐकली, बैलाचा रंग कोणता होता ते विचारलं, आणि शेषरावांना टेबलावर बसायला सांगितलं. मग दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं, उजवीकडे वळवलं, आणि एकदम मागे निजवून मान टेबलाच्या कडेखाली लोंबती धरली.

"डोये मिटू नका," डॉक्टर म्हणाले. "भेव वाटलं तरी मिटू नका."

क्षणभर काहीच झालं नाही. मग अकोलं फिरू लागलं.

"बाई, इकडं या. तुमच्या मालकाच्या डोयांत पाहा."

इंदूबाई वाकल्या. शेषराव तिच्याचकडे पाहत होते, पण त्यांचे डोळे तिच्याकडे पाहत नव्हते. बुबुळं आपली आपण एका बाजूला हळूच घसरत होती आणि हिसका बसल्यासारखी परत येत होती, पुन्हा घसरत होती, पुन्हा येत होती; मागून कोणी दोरी ओढतं आहे अशी. चेहरा नवऱ्याचा होता, आणि त्या चेहऱ्यात डोळे दुसऱ्याच कोणाचे तरी काम करत होते. इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला. पार्वताबाई भिंतीला टेकल्या. हळूहळू डोळे संथ झाले, आणि शेषराव पुन्हा त्यांच्यातून बाहेर पाहू लागले.

"घर नाई फिरत," डॉक्टर म्हणाले. "हे फिरून राहिले. मोजणीदार ना तुमी? पाणसळ ठेवून पातळी पाहता का नाई? तशी एक बारीक पाणसळ दोन्ही कानांच्या आत, खोल, बसवलेली असते. तुमची उजवी बिघडली. डोकं त्या बाजूले गेलं का ते खोटं सांगते, आन डोये तिचं ऐकतात."

शेषरावांनी ओळंब्याचं विचारलं. ओळंबा खरा, डॉक्टर म्हणाले, पाणसळ खोटी. शेषरावांना एकदम हलकं वाटलं. दोष माणसाचा नव्हता, उपकरणाचा होता, आणि उपकरण बिघडू शकतं हे खात्यालाही मान्य होतं.

उपाय मात्र त्यांना भगतापेक्षा अवघड वाटला. ज्या कुशीचं भय आहे त्याच कुशीला रोज सकाळ-संध्याकाळ मुद्दाम निजायचं, घर फिरू द्यायचं, थांबलं की उठायचं, पुन्हा निजायचं. लागोपाठ केलं की ती चक्कर थकते. चार-सहा तास विसावली की पुन्हा उभी राहते. पण रोज थकवत राहिलं की एक दिवस येईनाशी होते. डॉक्टरांनी दाखला दिला, आणि त्यात हेही लिहिलं की डोळ्यांची ही हालचाल कोणालाही पाहता येईल.

पुंजाजींच्या कानातून डॉक्टरांनी पिचकारीने आधी मळ काढला आणि मग चिमट्याने कापसाचा एक काळा बोळा, जो त्यांनी मागच्या उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून घातला होता आणि काढायचा विसरले होते. नळाखाली डोकं धरल्यावर तो फुगला होता. मडक्यातले भुंगे तिथल्या तिथे उडून गेले. भगवंतरावांना डॉक्टरांनी दवाखान्याची पायरी उतरायला लावली आणि सांगितलं की चष्म्याच्या खालच्या काचेतून पुस्तक वाचायचं असतं, पायरी नाही. ज्या अनुभवावर आपण एक अख्खी विहीर उभी केली तो चष्म्याच्या दुकानातून आला, हे भगवंतरावांना फार लागलं. पार्वताबाईंना भय वाटलं होतं, दुसरं काही नाही. त्यांना डॉक्टरांनी उपास कमी करून श्वास सावकाश घ्यायला सांगितलं.

सगळे उठले. शेषराव दाखला घडी करून खिशात ठेवत होते, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या बाईंचं राहिलं."

इंदूबाई म्हणाल्या की त्या नुसत्या सोबत आल्या आहेत. पण नवऱ्याच्या डोळ्यांत पाहून सरळ होताना त्यांनी टेबलाची कड धरली होती, आणि ते एकट्या डॉक्टरांनीच पाहिलं होतं. त्यांनी इंदूबाईंची पापणी खाली ओढली. आत लाली असायची तिथे धुतलेल्या कापडासारखं पांढरं होतं. केव्हा जेवता, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर, असं उत्तर आलं. तेव्हा काय उरलेलं असतं, असं विचारल्यावर मात्र त्या पदर सारखा करू लागल्या.

डॉक्टर शेषरावांकडे वळले. "तुमची चक्कर दिसायले मोठी. तिनं माणूस मरत नाई. हिच्या अंगात रक्त नाई. चुलीवर पडली असती तं?"

पुंजाजींना आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि नेमकं हेच ऐकावं लागलं. शेषरावांच्या डोळ्यांपुढे खांब, ओळंबा, शिवार, साहेब असं सगळं येऊन गेलं, आणि त्या सगळ्यात इंदूबाई कुठेतरी कडेला चुलीपाशी उठताना भिंत चाचपत होती. तिने सांगितलं होतं. त्यांनी ते घराविरुद्धचा पुरावा म्हणून वापरलं होतं.

परतीच्या गाडीत इंदूबाईंच्या मांडीवर लोहाच्या गोळ्यांची बाटली आणि जंतांचं औषध होतं. पार्वताबाईंनी बोरगावच्या आसपास आपल्या पिशवीतली गुळाची ढेप आणि शेंगदाणे काढून तिच्या हातात दिले आणि आपल्यासमोर खायला लावले. भगताचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेषराव सकाळी बाजेवर बसत, इंदूबाई समोर बसत, आणि ते मुद्दाम उजव्या कुशीला पडत. घर निघे. इंदूबाई त्यांच्या डोळ्यांत पाहत राहत आणि थांबले का ते सांगत. भय गेलं नव्हतं, पण आता ते दोघांत वाटलं गेलं होतं.

चौकशीच्या दिवशी शेषरावांनी चूक केली. साहेबांसमोर चक्कर येते की नाही याची खात्री करून घ्यावी म्हणून ते निघण्याआधी पुन्हा पुन्हा निजून पाहत राहिले. प्रत्येक वेळी ती थोडी कमी आली. कचेरीत साहेबांनी दाखला वाचला, दोनदा वाचला, आणि कोणालाही पाहता येईल म्हणता, तर दाखवा, असं म्हणाले. टेबलावरचे नकाशे बाजूला झाले. शेषराव टोपी काढून टेबलावर चढले. हेडक्लार्क, कारकून, अर्ज करणारा भाऊ, सगळे गोल उभे राहिले. शेषरावांनी मान उजवीकडे वळवली, मागे पडले, आणि डोळे उघडे ठेवून छताकडे पाहू लागले.

छत जागेवर होतं. कचेरी इतकी स्थिर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

कोणीतरी खाकरलं. अर्जदार भाऊ हसला. आयुष्यात पहिल्यांदा शेषराव मनातल्या मनात फिरणाऱ्या घराची आळवणी करत होते, आणि घर येत नव्हतं. ते उठून बसले. मग डॉक्टरांचं बोलणं त्यांना आठवलं. दुपारनंतर पाहावं, एवढी विनंती त्यांनी केली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, हो म्हणाले.

दुपार टळेपर्यंत शेषराव भिंतीला पाठ टेकून मान न हलवता बसून राहिले. मग पुन्हा टेबलावर चढले. मान वळवली. पडले.

काही नाही. आणि मग कोपऱ्यातलं नकाशांचं कपाट अगदी हलकेच निघालं. त्यामागून खिडकी निघाली, हेडक्लार्क निघाले, अर्जदार भाऊ निघाला, तालुक्यांचे नकाशे निघाले, आणि सबंध मोजणी कचेरी, एकही कागद न वाजवता, त्यांच्याभोवती फिरू लागली. शेषरावांनी डोळे मिटले नाहीत. त्यांना हसू आलं.

साहेब त्यांच्यावर वाकून पाहत होते. हसणारा चेहरा आणि त्यात आपली आपण घसरणारी, हिसके खाणारी बुबुळं. साहेबांचा रंग उतरला. "पुरे," ते म्हणाले. "उठा, तायडे. थांबवा ते." ते थांबवणं शेषरावांच्या हातात नव्हतं, आणि साहेबांना ते कळलं तसे ते खुर्चीत बसले आणि त्यांनी कडा घट्ट धरल्या. अर्ज निकालात काढल्याचा शेरा त्यांनी बसल्या बसल्याच लिहिला.

उन्हं उतरल्यावर शेषराव घरी आले. इंदूबाई दारातच होत्या.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"आली," शेषराव म्हणाले. "दुपारून आली."

चक्कर आली म्हणून नवराबायकोने इतकं समाधान मानावं, हे भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या पार्वताबाईंना विचित्र वाटलं असेल. शेषरावांनी पाय धुतले आणि आत जाऊन पाट मांडायला घेतले. इंदूबाईंनी एकच पाट ठेवायला सांगितलं.

"मी तुमची वाट नाई पाह्यली," त्या म्हणाल्या. "मी जेवले."